प्रश्न माझ्याकडे कधी आला

वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या विधी विभागात मी पंधरा वर्षांपूर्वी रुजू झाले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्याला नोकरीत असेपर्यंत वकिली करता येत नाही, म्हणून सनद स्थगित करण्याचा अर्ज करावा लागला. औरंगाबाद खंडपीठात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली चार वर्षे काढून मी तो अर्ज लिहीत होते. अंबड तालुक्यातील शेतावरून वडिलांनी फोनवर विचारले, "म्हणजे आता तू वकील राहिली नाहीस का?" त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

न्यायालयात उभे राहणाऱ्याची वाढ सर्वांना दिसते. स्वतःच्या नावावर प्रकरणे येतात, हाताखाली कनिष्ठ येतात, न्यायमूर्ती नावाने ओळखू लागतात. कंपनीतल्या वकिलाचे तसे नसते. मराठवाड्यातील बहुतेक मध्यम कारखान्यांत विधी विभाग म्हणजे एक किंवा दोन माणसे, त्यामुळे पदाची शिडी दुसऱ्या पायरीवरच संपते. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात किती दावे निकाली निघाले आणि किती नोटिशींना उत्तरे दिली हे विचारलेले असे, आणि मीही अनेक वर्षे त्याच आकड्यांना माझी प्रगती समजत होते.

ही समजूत एका पुरवठादाराच्या शेडमुळे मोडली. आमच्या धंद्यात डाय (धातूला आकार देणारे साचे) आणि फिक्स्चर (काम करताना भाग पक्का धरून ठेवणारी साधने) कंपनीच्या मालकीचे असतात, पण काम पुरवठादाराकडे चालत असल्याने ते त्याच्याच शेडमध्ये वर्षानुवर्षे राहतात. या पुरवठादाराचे कर्ज थकले आणि बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, शेड ताब्यात घेऊन सील केले. आत आमचे अकरा डाय होते. पर्चेस विभाग माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा आमच्या लाइनवर जेमतेम आठवड्याचा माल शिल्लक होता. करारात मालकीचे कलम अगदी स्पष्ट होते, कारण ते मीच लिहिले होते, आणि मी तो करार घेऊन निश्चिंत मनाने बँकेत गेले. तेथील अधिकाऱ्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "यातले तुमचे कोणते?"

मला सांगता आले नाही. करारात डायची यादी नव्हती. चलनांवर नुसते "डाय, ११ नग" लिहिले होते. प्रत्येक डायवर ठोकलेला क्रमांक असतो हे आमच्या टूल रूमच्या फोरमनना ठाऊक होते, पण तो क्रमांक आणि आमची कागदपत्रे यांची गाठ कोणी घालून दिलेली नव्हती. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घेण्यासाठी, दिलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आणाव्या लागतात, मात्र मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदत लागू नाही. त्यामुळे लेखा विभाग बाकी सगळ्या मालाचा पाठपुरावा करी, पण डायकडे वळून पाहण्याचे कोणालाच कारण पडत नव्हते. पुढे कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज झाला, सुनावण्या झाल्या, आणि दरम्यान उत्पादन चालू ठेवण्यासाठी काही डाय नव्याने करून घ्यावे लागले.

मला सर्वांत जास्त लागली ती गोष्ट वेगळीच होती. सरफेसीच्या कलम १३(२) प्रमाणे बँक ताबा घेण्याआधी कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस देते. त्या साठ दिवसांत आमचे पर्चेसचे सहकारी दर आठवड्याला तेथे जात होते, आणि चहा पिताना त्यांच्या कानावर "बँकेची नोटीस आली आहे" हे आलेही होते. ती बाब विधी विभागाला कळवायची असते हे त्यांना सुचले नाही, कारण त्यांच्या लेखी मी केवळ आलेल्या नोटिशींना उत्तर देणारी बाई होते. ही चूक मी माझीच मानते. त्यांच्या टेबलापर्यंत मी कधी गेलेच नव्हते.

त्यानंतर मी दर गुरुवारची दुपार कारखान्यात घालवू लागले, आणि एका वहीत तीन रकाने आखले: विषय कोणता, माझ्याकडे कधी आला, आणि सही किंवा घटना कधी झाली. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळे विषय सहीनंतरचे होते. मग हळूहळू तारखा उलट्या दिशेने सरकू लागल्या, म्हणजे विषय सहीच्या आधी माझ्याकडे येऊ लागले. कंपनीतल्या वकिलाची वाढ मोजण्याचे याहून खरे माप मला सापडलेले नाही. उदाहरणार्थ, आमच्या छापील पर्चेस ऑर्डरवर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची अट होती. पात्र सूक्ष्म व लघु पुरवठादाराला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याखाली लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे थांबवता येत नाही, आणि उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही गोष्ट मी पूर्वी वसुलीचा दावा आल्यावर सांगत असे. आता वित्त विभाग अटी ठरवण्याआधी विचारतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हाही वेतनाच्या नव्या व्याख्येचा हिशेब मनुष्यबळ विभाग माझ्यासोबत बसूनच करू लागला.

कंपनी सचिवाची परीक्षा, लवाद किंवा डेटा संरक्षणाचे अभ्यासक्रम हे सगळे उपयोगाचेच आहे, पण पहिली दोन वर्षे कारखाना समजून घेण्यात घालवावीत असे माझे ठाम मत आहे. दोन बाबी मात्र या वाटेवर येणाऱ्याने आधीच जाणून घ्याव्यात. थेट जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी वकील म्हणून सात वर्षे लागतात, आणि सनद स्थगित असतानाची नोकरी त्यात धरली जाईल असे गृहीत धरू नये. दुसरे असे की, सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात स्पष्ट केले की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली वकिलाला मिळणारे गोपनीयतेचे संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला मिळत नाही. मी व्यवस्थापनाला पाठवलेला ईमेल उद्या न्यायालयापुढे वाचला जाऊ शकतो, असे समजूनच मी आता लिहिते, आणि नाजूक प्रकरणात बाहेरच्या वकिलांना पहिल्या दिवसापासून सोबत घेते. विषय लवकर येण्याचे महत्त्व येथेही आहे, कारण घाईत लिहिलेली पत्रेच पुढे अडचणीची ठरतात.

गेल्या महिन्यात विधी शाखेची एक नवी पदवीधर आमच्याकडे रुजू झाली. तिने पहिल्याच दिवशी प्रलंबित दाव्यांची यादी मागितली. मी तिला सेफ्टी शूज दिले आणि टूल रूममध्ये फोरमनकडे पाठवले. आज ती पैठणच्या एका पुरवठादाराकडे आमच्या डायवरचे क्रमांक आणि चलने ताडून पाहण्यासाठी गेली आहे, आणि पर्चेसचा माणूस तिला स्वतःहून सोबत घेऊन गेला आहे.