तुम्ही विचारलंत म्हणून: मूकी बेट्स आणि माझा तो हिशोब

"तूच म्हणत होतीस ना ट्रेड बरोबर आहे, मग आता कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" हे मला मंडळाच्या गणपतीत विचारून झालंय, पॉटलकला विचारून झालंय, आणि गेल्या नोव्हेंबरपासून तर कोणीही भेटलं की विचारतंच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

हो, म्हणत होते. फेब्रुवारी 2020 मधे आपल्या बोस्टनच्या बेसबॉल टीमने, रेड सॉक्सने, आपला स्टार खेळाडू मूकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे ट्रेड केला, म्हणजे बदल्यात दुसरे खेळाडू घेऊन पाठवला, आपला अख्खा ग्रुप चिडलेला होता आणि मी एकटीने तो लांबलचक मेसेज टाकला. मी अकाउंट्समधे काम करते, मला आकड्यांचा भरवसा वाटतो. त्या वर्षी टीमचा एकूण पगार 208 मिलियन डॉलरच्या वर गेला की लीगला लक्झरी टॅक्स भरायचा, लागोपाठ वर्षं वर राहिलात की टॅक्सचा दर चढतो, मूकीचं काँट्रॅक्ट त्याच सीझनला संपणार, लांब मुदतीचं काही तो आपल्याकडे सही करत नव्हता, मग नुसता निघून जाण्यापेक्षा आत्ता तीन तरुण मुलं घेतलेली बरी. यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं आणि आजही नाहीये.

पण तो मेसेज मी कोणाला समजावायला लिहिला होता ते तुम्हाला माहीत नाही.

माझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती. सॉफ्टबॉल खेळायची, सेकंड बेसला, म्हणजे आतल्या फील्डिंगला. आदल्या वर्षी कोचने तिला आउटफील्डला, म्हणजे लांब बाउंड्रीकडे, पाठवलं आणि ती घरी येईपर्यंत गाडीत रडली, तिला वाटलं आपल्याला खेळता येत नाही म्हणून लांब नेऊन उभं केलं. तेव्हा मी तिला मूकीची गोष्ट सांगितली. तोही सेकंड बेसचाच, पण रेड सॉक्समधे तिथे आधीच पेड्रोया होता, म्हणून 2014 मधे त्याला आउटफील्ड शिकावं लागलं, आणि शिकला तो असा की 2016 पासून लागोपाठ चार गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगची बक्षिसं. तेही फेनवेच्या, म्हणजे आपल्या रेड सॉक्सच्या मैदानाच्या, राइट फील्डमधे, जिथे कोपऱ्यातला पोल 302 फुटांवर आणि तिथून भिंत वळत वळत 380 पर्यंत लांब जाते, तिथे नवखा माणूस बॉल शोधतच राहतो. पिना पाडायच्या बोलिंगमधेसुद्धा त्याने 300 चा परफेक्ट गेम टाकलाय, हे तर तिला सगळ्यात आवडलं. आणि मग मी एक वाक्य बोलले, जे मला अजून सोडत नाही. म्हणाले, "ज्याला कुठेही उभं करता येतं ना, त्याला टीम कधी सोडत नाही."

तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार, 12 जुलै 2018 ला आम्ही दोघी वूस्टर लाइनच्या ट्रेनने जाऊन ती मॅच बघितली होती. टोरंटोचा हॅप बोलिंग करत होता, म्हणजे पिचिंग, बेसेस भरलेले, आणि मूकी फाउलवर फाउल मारत टिकून राहिला आणि तेराव्या पिचला ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार रन. पहिल्या बेसकडे धावताना तो ओरडत होता आणि लेक माझ्या मांडीवर उभी राहून ओरडत होती.

आता तो आठवडा. मंगळवारी रात्री, 4 फेब्रुवारीला, बातमी आली. तेव्हा सौदा तीन टीमचा होता, मिनेसोटाच्या टीमचा ग्रॅटेरोल नावाचा पिचर आपल्याकडे येणार होता, आणि मग त्याच्या मेडिकल रिपोर्टवर आपल्याच लोकांनी शंका काढली आणि सगळं अडकलं. मोठ्यांसाठी ती कागदपत्रांची भानगड होती. पण लेक रोज सकाळी दूध प्यायच्या आधी विचारायची, "आई, कॅन्सल झालं का?" बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, आणि मी दर वेळी म्हणायचे "बघू", कारण मलाही वाटायला लागलं होतं की मोडतंय बहुतेक. तेच चुकलं माझं. ट्रेडबद्दल बरोबर असेन नसेन, पण त्या "बघू"बद्दल मला माफी नाही.

रविवारी नवा सौदा ठरला. व्हर्डुगो, जीटर डाउन्स, कॉनर वाँग असे तिघं आपल्याकडे, मूकीबरोबर आपला पिचर डेव्हिड प्राइसही तिकडे आणि त्याचा अर्धा पगार आपणच भरायचा. मी तिला समोर बसवून कागदावर हिशोब मांडून दाखवला. तिने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मग सगळीकडे खेळता यायचा काय उपयोग?"

मला उत्तर आलं नाही. ती झोपायला गेली आणि मी किचनमधे उभ्या उभ्या तुमच्यासाठी तो मेसेज टाइप केला.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. त्या सीझनला आपण 24 जिंकून 36 हरलो आणि तळाला, तो तिकडे वर्ल्ड सिरीज जिंकला. पण मला सगळ्यात लागलं ते जुलैचं, जो लांब मुदतीची सही करणारच नाही असं मी लिहिलं होतं त्याने डॉजर्सबरोबर एकही मॅच खेळायच्या आधी 12 वर्षांची सही केली, 365 मिलियन डॉलर. 2021 ला आपण लीग फायनलपर्यंत गेलो तेव्हा मी पुन्हा तोंड वर करून बोलले, तेही खरं. मग डाउन्सला सोडलं, व्हर्डुगो तर यँकीजकडे गेला. तरी मी म्हणते की त्या दिवशी हातात जे आकडे होते त्यावरून हिशोब चुकला नव्हता. रात्री उशिरा मात्र वाटतं की 2018 ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, बॅटिंग टायटल आणि वर्ल्ड सिरीज एकाच वर्षात देणारा माणूस हिशोबात धरलाच कसा मी.

पुण्याचा माझा भाऊ "एका प्लेअरसाठी काय" म्हणायचा. जडेजा चेन्नईहून राजस्थानला गेला त्या दिवशी त्याचा फोन आला, बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

आणि 2025 च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, डॉजर्सविरुद्ध टोरंटो, टोरंटोत, अकरावी इनिंग, मध्यरात्र उलटलेली. मूकी शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे. तेहतीस वर्षांचा माणूस, इतकी वर्षं राइट फील्डला काढून शॉर्टस्टॉपला! बॉल त्याच्याकडेच आला, त्याने सेकंड बेसवर पाय दिला, फर्स्टला फेकला, डबल प्ले, एका बॉलवर दोन आउट, डॉजर्स जिंकले, संपलं. मी ओरडले. लेक सोफ्यावर होती, आता सोळाची आहे, ती नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "सेकंड बेसवर पाय दिला बघ त्याने."

ती आता फक्त सेकंड बेस खेळते. दुसरीकडे उभी राहणार नाही म्हणून स्पष्ट सांगते, दोन टीम तिने त्यापायी सोडल्या. हे त्या आठवड्यामुळे आहे असं मला वाटतं, तिचे बाबा म्हणतात तसं काही नाही, तिचा स्वभावच तो. परवा नव्या कोचचा मला मेसेज आलाय, लेफ्ट फील्डला, म्हणजे आउटफील्डलाच, उभी राहील का, तुम्ही जरा बोलून बघाल का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.