चेंडू उजवीकडेच का जायचा? गोल्फ स्विंग शिकतानाचा माझा अनुभव

पुण्यातल्या गोल्फच्या सहा तासिकांचे पैसे गेले याचं वाईट वाटत नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. सहा वेळा पहाटे उठून सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, जायला चार तास, यायला चार तास, आणि सहाही वेळा तिथे एकच ऐकलं, "डोकं खाली ठेवा, नजर चेंडूवर." माझे हात एकदाही कुणी बघितले नाहीत.

उभं राहणं, कमरेतून वाकणं, खांदे वळवून क्लब (चेंडू मारायची काठी) मागे नेणं हे पहिल्या दोन वेळांतच जमलं होतं. चेंडू मात्र थोडा सरळ जाऊन उजवीकडे वळायचा. सात नंबरच्या आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या क्लबने) थोडा, ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) खूपच. डोकं खाली ठेवून ठेवून मान धरली, चेंडूची वाट बदलली नाही. "सरावाने येईल" म्हणाले. चुकीचाच सराव केला तर काय येणार?

घरी जुळे सोलापुरात अंगणात दोरीवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून टांगली आणि तिच्यावर चेंडू मारत बसले. (चादर खालून मोकळी सोडा. ताणून बांधलीत तर चेंडू उलटा अंगावर येतो.) शेजारचे काका फौजेतून निवृत्त झालेले, छावणीतल्या मैदानावर बरीच वर्षं गोल्फ खेळलेले. कुंपणापाशी उभे राहून दोन-तीन फटके बघितले आणि म्हणाले, "इतक्या जोरात कशाला मारायलीस? आधी हात दाखव बघू."

हात बघितले आणि विचारलं, "क्रिकेट खेळायचीस का?"

कॉलेजात खेळायचे. बॅटची पकड तशीच क्लबवर आली होती. दांडा डाव्या तळव्यात रुतलेला आणि वरून बघितलं तर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेला एकही उंचवटा दिसत नव्हता. अशा पकडीत चेंडूला लागताना क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूवर बसणारी सपाट बाजू, उजवीकडे उघडं राहतं. चेंडू साधारण तोंडाच्या दिशेने निघतो, आणि क्लब बाहेरून आत, म्हणजे लांबून आपल्या अंगाकडे, येत असला तर आणखी उजवीकडे वळतो. ड्रायव्हरचं तोंड जवळजवळ उभं असल्यामुळे हे वळण त्यात जास्त दिसतं. हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर!

काकांनी दांडा तळव्यातून काढून बोटांत दिला, करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका. अंगठा दांड्याच्या मधोमध नाही, किंचित उजवीकडे. वरून बघताना डाव्या हाताचे दोन उंचवटे दिसले पाहिजेत, अंगठा आणि तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खोबणीवर. ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा सहा वेळा जिंकलेल्या हॅरी व्हार्डनने ही पकड लोकप्रिय केली. जोर किती? लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडतो तेवढा, सुटणार नाही आणि दुखणारही नाही.

दोन आठवडे हात परके वाटले. चेंडू जमिनीवरच लोळायचा. सोडून जुन्या पकडीवर जावंसं रोज वाटायचं. जाऊ नका. आरशासमोर फक्त पकड घ्या, सोडा, घ्या, दिवसातून पन्नास वेळा. त्याला चेंडूची गरज नाही.

ज्वारी निघाल्यावर काका आणि मी आत्याच्या मोकळ्या शेतात सकाळी सहाला गेलो, कारण नऊनंतर आपल्याकडचं ऊन उभं राहू देत नाही. एक सांगायचं राहिलं, पांढरे चेंडू नेऊ नका, भगवे न्या. धसकटांत पांढरा दिसत नाही आणि काळ्या रानाच्या भेगांत चेंडू सहज गडप होतो. मी तीन घालवले.

चौथा सरळ गेला. बांधावरच्या बाभळीच्या डोक्यावरून, अगदी सरळ. काका काही बोलले नाहीत, पुढचा चेंडू ठेवून दिला. ड्रायव्हर अजून थोडा उजवीकडे झुकतो. त्या सकाळी मात्र सगळे चेंडू मी सात नंबरनेच मारले.