वोडकाला चव असते

काल संध्याकाळी धरमपेठेत मित्राच्या गच्चीवर दोन पोलिश वोडका शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. एक राय या धान्याची, दुसरी बटाट्याची. सोडा नाही, लिंबू नाही, बर्फही नाही. सावजी मटण मुद्दाम नंतर मागवलं, त्या मसाल्यापुढे हे बारकावे टिकणारच नाहीत.

रायची आधी जिभेच्या टोकावर मिरीसारखी चुरचुरते, मग मागे हलका गोडवा ठेवते. बटाट्याची जाडसर, तोंडात रेंगाळणारी. मला हीच जास्त आवडली. एवढा फरक उरतो याचंच खरं कौतुक आहे, कारण युरोपात वोडकासाठी आंबवलेल्या धान्याचं किंवा बटाट्याचं अल्कोहोल 96 टक्क्यांच्या आसपास शुद्ध करतात. इतकं गाळूनही कच्च्या मालाचा अंश राहतोच. मग पाणी घालून ते 40 टक्क्यांवर आणतात. म्हणजे बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच, आणि ते कसं आहे यावरही चव ठरते.

फ्रीझरमधली एकदम गार वोडका पिऊ नका रे, वास दबून जातो. थोडा गारठा उतरू द्या, ग्लास नाकाशी धरा, मग छोटा घोट घ्या. आता गव्हाची चाखायची आहे. नागपुरात कोणाकडे असेल तर सांगा, मटण माझ्याकडून!