आमची वाटचाल : बोलायला जागा

जून २०१८ मध्ये सांगलीत विश्रामबागला पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बाहेर पाटी लावली, ‘समुपदेशन केंद्र’. त्याआधी नऊ वर्षं मी शाळेत समुपदेशक होते. पालक मुलाचं सांगायला यायचे आणि दहा मिनिटांत स्वतःचंच सांगायला लागायचे. झोप लागत नाही, सारखी चिडचिड होते, कशात मन लागत नाही. त्यांचं ऐकायला कुणीतरी हवं, म्हणून नोकरी सोडली.

पहिले चार महिने कठीण गेले. खाली झेरॉक्सचं दुकान होतं. लोक तिथे थांबायचे, वर पाटीकडे बघायचे आणि निघून जायचे. एका बाईंनी फोनवर सरळ सांगितलं, “मॅडम, यायचंय हो, पण तुमच्या समोरच माझ्या जावेचं माहेर आहे.” आमच्या गावात कोण कुठल्या जिन्यावर दिसलं ते संध्याकाळच्या आत घरी कळतं. त्या वेळी मला वाटायचं, लोकांची लाज घालवली पाहिजे. त्यासाठी महिला मंडळांत, गणेशोत्सवात व्याख्यानं दिली. आज वाटतं, त्या बाईंचं म्हणणं रास्त होतं. कुणाच्या नजरेत न येता बोलता येईल अशी जागा त्यांनी मागितली होती आणि माझ्याकडे ती नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. विश्रामबाग वाचलं, गावभाग बुडाला. शाळांमधल्या निवारा केंद्रांत आम्ही जाऊन बसायचो. तेव्हा लोक कपडे, औषधं, कागदपत्रं यांचंच बोलत होते. मनातली भीती वर आली ती पुढच्या पावसाळ्यात, आणि तोवर टाळेबंदी लागलेली होती.

२४ मार्च २०२० च्या रात्रीपासून आमच्या खोल्यांना कुलूप लागलं. भाडं चालू, उत्पन्न शून्य. जे आधी येत होते त्यांना मी साध्या फोनवरून विचारलं, बोलायचं का? जवळजवळ सगळे हो म्हणाले. आणि जे कधीच जिना चढले नव्हते, तेही फोन करायला लागले. जावेच्या माहेरासमोरून न जाता येता येतं, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

त्या पावसाळ्यातला एक दुकानदार आठवतो. (इथल्या सगळ्यांचे तपशील ओळख पटणार नाही असे बदलले आहेत.) कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हा सांगलीकरांच्या बोलण्यातला रोजचा आकडा. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. हा माणूस पातळी २० फुटांवर असतानाही रात्रभर फोन हातात धरून बसायचा. कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून किती. पहाटे डोळा लागायचा आणि दुकान उघडायला अकरा वाजायचे. “घाबरू नका” म्हणण्यात काही अर्थ नव्हता, त्याने दुकानात सात फूट पाणी बघितलं होतं. आम्ही दोघांनी मिळून एक कागद केला. पातळी दिवसातून तीनदा बघायची, शेवटची रात्री नऊला. ३० फुटांना खालच्या फळीवरचा माल वर, ३५ ला टेम्पोवाल्याला फोन, ४० ला माल बाहेर. कागद गल्ल्यात ठेवला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, दुकानात पाणी शिरलं, फर्निचर गेलं. त्या रात्री त्याचा मेसेज आला, “माल हलवला. झोपतोय.” भीती पूर्ण गेलेली नाही, पाऊस वाजला की तो अजूनही उठून बसतो.

आम्ही मुख्यतः विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणून रुजवली. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, हा तिचा गाभा. स्पर्धा परीक्षेची मुलं ‘या वर्षी पोस्ट निघालीच पाहिजे’ म्हणतात. त्यातला एवढासा ‘च’ सुटायला कधी कधी आठ बैठका लागतात. हे काम मराठीतच नीट होतं असं मला ठामपणे वाटतं. न्यू जर्सीहून बोलणारी एक मुलगी तिथल्या समुपदेशकाकडे वर्षभर जात होती. आमच्याकडे पहिल्याच दिवशी म्हणाली, “आईशी फोनवर बोलून झालं की घुसमटल्यासारखं होतं.” ‘घुसमट’ हा शब्द तिला तिथे वापरताच आला नव्हता. तिच्यासाठी आम्ही सकाळी सातला बसतो, तेव्हा तिच्याकडे आदली रात्र असते.

आता आमच्या हातून झालेल्या चुकीबद्दल. २०२१ मध्ये आम्ही वेळेची आठवण करून देणारे मेसेज आपोआप जातील अशी सोय केली. एका सुनेने दिलेला नंबर घरातल्या सामायिक फोनचा होता आणि तो दुपारी सासऱ्यांकडे असायचा. ‘उद्या ४ वाजता आपली समुपदेशनाची बैठक आहे’ हे त्यांनी मोठ्याने वाचलं. ती पुन्हा आली नाही. तिने दोन ओळी लिहून कळवलं म्हणून आम्हाला समजलं तरी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो हे मी व्याख्यानांत सांगत होते, आणि माझ्याच कार्यालयातून तो मेसेज गेला होता. तिचं पुढे काय झालं हा विचार मनातून जात नाही.

त्याच आठवड्यात ते मेसेज बंद केले. आता पहिल्या बैठकीची दहा मिनिटं याच चौकशीत जातात. हा फोन कुणाकुणाच्या हातात असतो? आत्ता कुठे बसला आहात, आवाज कुणाला जाईल? कॉल तुटला तर मी करू की तुम्ही? मध्येच कुणी आलं तर कुठलं वाक्य बोलाल? एकीचं वाक्य आहे, “ब्लाउजचं माप उद्या देते.” ते ऐकलं की मी फोन ठेवते. लोक गच्चीवरून बोलतात, गोठ्यातून बोलतात, बंद गाडीत काचा वर करून बोलतात. मागे म्हैस हंबरत असते आणि माणूस पहिल्यांदाच रडत असतो. रेंज जाते ती नेमकी तेव्हाच. मग चेहरा दिसत नाही, नुसती शांतता ऐकावी लागते. ती मोडण्याची घाई करायची नाही, हे शिकायला मला वर्ष लागलं.

मध्यंतरी एका ॲपवाल्या कंपनीने आमचं काम मिनिटांच्या दराने मागितलं होतं. मिनिटं मोजणाऱ्याला शांतता महाग पडते, म्हणून नाही म्हटलं. ५० मिनिटांचे ७०० रुपये आणि आठवड्याच्या चार बैठका ज्याला जेवढं जमेल तेवढ्यात, असं चालवतो. तीन माणसांचे पगार निघतात.

काही गोष्टी आम्ही फोनवर घेत नाही. घरात मारहाण होत असेल तर त्याच घरातून बोलायला लावणं धोक्याचं आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार असेल, भास होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो, कारण औषध देण्याचा अधिकार त्यांचा, आमचा नाही. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाला देऊन ठेवतो. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

विश्रामबागच्या खोल्या सोडायच्या असं दोनदा ठरलं होतं. आता आतल्या खोलीत लॅपटॉप, हेडफोन, पाण्याचा तांब्या आणि आतून लागणारी कडी आहे. ज्यांना घरात जागा नाही ते मागच्या जिन्याने इथे येतात आणि कोल्हापुरात किंवा पुण्यात बसलेल्या आमच्या सहकाऱ्यांशी बोलतात. पाटी बदलून तिथे फक्त मजल्याचा क्रमांक लिहिला आहे. जावेच्या माहेराची अडचण सांगणाऱ्या त्या बाई मागच्या महिन्यात आल्या, सहा वर्षांनी. बैठक संपल्यावर पंधरा मिनिटं तशाच आत बसून राहिल्या. मी दार वाजवलं नाही.