तुम्ही विचारलंत म्हणून: “येत होतं बाई, पेपरात सुचलं नाही”

सांगलीच्या विश्रामबागेत घरीच दहावीचं विज्ञान शिकवते. सहामाहीचे पेपर हातात पडले की दारात पालक उभे राहतात आणि प्रश्न ठरलेला: “बाई, पोरगं रात्री बारापर्यंत बसतंय, सगळं येतंय म्हणतंय. मग पेपरात काय होतंय?”

पोरगं खोटं बोलत नाही. त्याला खरंच येतंय असं वाटत असतं.

परवाचंच सांगते. एका मुलीचा भिंगांचा धडा चारदा वाचून झालेला. पुस्तक मिटायला लावलं, म्हटलं, वस्तू F1 आणि 2F1 च्या मध्ये, म्हणजे नाभी आणि तिच्या दुप्पट अंतराच्या मध्ये ठेव आणि बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती काढ. पट्टी घेऊन अक्ष आखला, भिंग काढलं, पहिला किरण अक्षाला समांतर नेला आणि भिंगापाशी पेन थांबलं. पुढं वळवायचा कुठं? पुस्तक उघडताच म्हणाली, “हां, F2 मधून, पलीकडच्या नाभीतून! हे येत होतं मला.” येत नव्हतं. आकृती ओळखीची होती, एवढंच. ओळख पटली की मन तिलाच ज्ञान समजून मोकळं होतं.

आपल्याला काय येतं, काय येत नाही यावर स्वतःच नजर ठेवणं, याला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. जॉन फ्लॅवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. पण मला जास्त पटला तो रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकाच बैठकीत वाचून पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा नुसतं वाचणारे पुढे: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने मात्र ४० विरुद्ध ६१. आणि ‘आपल्या लक्षात राहील’ अशी खात्री जास्त कुणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आपण ढगाकडे बघून अंदाज बांधत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर पाणी किती फूट झालं ते विचारतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या महापुरात कितीतरी घरं ‘२००५ ला इथवर आलं नव्हतं’ या भरवशावर बसून राहिली आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. अभ्यासातही पोरं भरवशावरच बसतात, पट्टी कुणी बघत नाही.

यात माझाही दोष आहे. वर्षानुवर्षं फळ्यावर उदाहरण सोडवून “कळलं का?” विचारत आले. “हो बाई!” सगळा वर्ग एका सुरात. आता विचारणं बंद केलंय. उदाहरण पुसते आणि दुसऱ्या दिवशी तेच कोऱ्या कागदावर मागते. त्याआधी समासात लिहायचं: पाचपैकी किती मिळतील? तपासल्यावर शेजारी खरे मार्क. या दोन आकड्यांमधलं अंतर मला मार्कांपेक्षा जास्त सांगतं. मध्ये रात्र जायलाच हवी. वाचल्या वाचल्या विचारलं तर सगळ्यांनाच सगळं येतं.

तुम्ही घरी “झाला का अभ्यास?” असं विचारू नका. “आज कुठं अडलं?” विचारा. पहिले चार दिवस चिडचिड होईल, हे आधीच सांगून ठेवते. एकीने माझ्याकडे वहीच भिरकावली होती. भडंगाचा डबा पुढे केला, तेव्हा उचलली.