हिशेबाची वही आणि माजघराचे दार

"इतक्या माणसांत राहून तुम्हाला एकांत मिळतो का?" आमच्या वसाहतीत येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हे विचारतो, आणि त्याचे उत्तर सोपे आहे: मिळतो. दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर काही कुटुंबांनी मिळून ही वसाहत उभी केली. प्रत्येकाचे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर आहे. त्याशिवाय एक सामाईक घर, विहीर, पंप आणि आंब्याची कलमे सर्वांची आहेत, आणि दुपारचे जेवण एकत्र होते. दार लावून घेतले की एकांत मिळतोच. अवघड आहे ते वेगळेच: कोणती गोष्ट सर्वांना माहीत असायला हवी आणि कोणती कोणी विचारूही नये, हे ठरवणे.

शहरातील गृहनिर्माण संस्थांत मी बरीच वर्षे राहिले आहे. तिथे कोणाची मुलगी रात्री किती वाजता घरी आली, कोणाकडे कोण पाहुणा उतरला, हे रखवालदारापासून चौथ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. मात्र सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांची, ठेव कोणत्या बँकेत आहे आणि गच्चीच्या दुरुस्तीचे काम त्याच कंत्राटदाराला का मिळाले, हे विचारणारा माणूस भांडखोर ठरतो. म्हणजे माणसे उघडी आणि हिशेब झाकलेले. सहनिवासात, म्हणजे घरे स्वतंत्र पण काही जागा आणि कामे सामाईक अशा आमच्यासारख्या वसाहतीत, नेमके याच्या उलट व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

गंमत अशी की कायद्याने ही रेघ केव्हाच आखून ठेवली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्ते विनामूल्य पाहता येतात. व्यवहारांच्या नोंदी मात्र त्याच्या स्वतःच्या व्यवहारांपुरत्याच. जे सर्वांचे ते सर्वांनी पाहावे, जे एकट्याचे ते त्या एकट्याने. आमच्याकडे विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती, आंब्याच्या पेट्यांची विक्री, गड्यांची मजुरी हे सर्व ज्या वहीत लिहिले जाते, ती सामाईक घरातील टेबलावरच पडलेली असते. कोणाची वर्गणी थकली आहे हे मात्र केवळ खजिनदार आणि ते घर जाणते. यावर पुष्कळ वाद झाला. थकबाकीदारांची नावे फळ्यावर लावली की वसुली लवकर होते, असे काहींचे म्हणणे होते, आणि ते बहुधा खरेही असेल; पण ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला रोज जेवायला येताना तो फळा वाचावा लागावा, हे बहुसंख्यांना पटले नाही.

सहनिवासाची आजची कल्पना डेन्मार्कमधून आली. कोपनहेगनच्या उत्तरेला हिलेरॉड गावाजवळ १९७२ मध्ये उभी राहिलेली सेटेडामेन ही २७ घरांची वसाहत या प्रकारातील पहिली मानली जाते. पुढे कॅथरीन मॅककामंट आणि चार्ल्स ड्युरेट या वास्तुविशारदांनी तेथील वसाहतींचा अभ्यास करून १९८० च्या दशकात ही कल्पना अमेरिकेत नेली. या आराखड्यांतील एक युक्ती मला फार आवडते: मोटारी वसाहतीच्या कडेला, मधून पायवाट, स्वयंपाकघराची खिडकी त्या पायवाटेकडे आणि निवांत बसायची जागा घराच्या मागे. पुढे बसलेल्या माणसाशी बोलावे, मागे बसलेल्याला हाक मारू नये, एवढे त्या रचनेवरूनच कळते. आमच्याकडे या आराखड्याला पहिला विरोध झाला तो मासळीवरून. मासळी साफ करायची जागा मागील दारीच हवी, ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नाकासमोर नको, असे ज्येष्ठ मंडळींनी स्पष्ट सांगितले. शेवटी खिडकी पुढे आणि मोरी मागे, अशी तडजोड झाली.

याच चर्चेत कोणीतरी म्हणाले की कोकणातल्या जुन्या घराने हे सगळे आधीच साधले होते: वाटसरू खळ्यापर्यंत, म्हणजे पुढच्या अंगणापर्यंत, ओळखीचा माणूस ओटीवर, आप्त माजघरात. या गौरवात मला सामील होता येत नाही. कोणी कुठवर यायचे हे त्या घरात जातीने ठरत असे, हे आपण सोयीने विसरतो. आणि ज्या माजघराला आपण घराचा आतला भाग म्हणतो, तिथे निजणाऱ्या बायकांना आतून कडी लावून घेता येईल अशी स्वतःची खोली क्वचितच असे. मागील दारी जावे तर विहिरीवर आणि गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, शेजारणी असत. सुनेच्या माहेरून आलेल्या पत्रात काय लिहिले आहे हे घरभर माहीत, आणि शेतसारा किती, कर्ज किती, कोणते कलम कोणाकडे गहाण आहे, हे कर्त्या पुरुषाच्या पेटीत कुलूपबंद. शहरातील संस्थेत मी जी उलटी रीत पाहिली, तिचे मूळ कदाचित या घरातच असावे. म्हणून आमच्या प्रत्येक घरात प्रत्येक प्रौढ माणसाला बंद करता येणारे दार असावे, हा आग्रह आम्ही बायकांनी धरला आणि नकाशात खर्च वाढला तरी सोडला नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, याचा आमच्या सभांत वारंवार उल्लेख होतो. निर्णय मोठा आहे, पण आज पंगतीला का आला नाहीत हे काकूंनी अण्णांना विचारावे की नाही, हे काही न्यायालय सांगणार नाही. आमचा संकेत असा आहे की जेवायला येणार नसल्यास सकाळी पाटीवर खूण करायची. कारण लिहायचे नाही आणि कोणी विचारायचे नाही. खूणही नाही आणि माणूसही नाही, असे झाले तरच दार वाजवायचे.

आजारपणाच्या बाबतीत मात्र "विचारू नये" एवढ्याने भागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतही बागा आडव्या झाल्या, आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून आणि फोनवाचून राहिली. अशा वेळी कोणाचे इन्सुलिन शीतकपाटात आहे, कोणाला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, हे शेजाऱ्याला माहीत नसणे जिवावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक घराने आपली माहिती बंद पाकिटात घालून सामाईक घराच्या कपाटात ठेवावी, आणि दोन जणांनी मिळूनच ते उघडावे, असे ठरले. पाकिटात काय लिहायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. एका आजोबांच्या पाकिटात केवळ मुलाचा फोन नंबर आहे. त्यांना तेवढेच पुरेसे वाटते, आणि त्यांना कोणी आग्रह केलेला नाही.

नारळांच्या चोरीनंतर कॅमेऱ्याचा प्रश्न आला, तो लवकर सुटला. पंपघरावर एक कॅमेरा बसला. पायवाटेवर आणि सामाईक ओटीवर बसला नाही. जिथे माणसे बसतात तिथे नजर नको, यावर फारसे बोलावे लागले नाही.

सध्या आमच्यात मतभेद आहे तो गावाशी असलेल्या नात्यावरून. आमच्या जागेच्या कडेने गावाची जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, किनाऱ्याकडे जाते. शिमग्यात पालखी याच वाटेने येते आणि आमच्याही अंगणात थांबते; गणपतीत आरतीला वाडीतली मंडळी येतात, आम्ही त्यांच्याकडे जातो. या वर्षी मे महिन्यात वाडीच्या विहिरींनी तळ गाठला, तेव्हा एका वहिनींनी सरळ विचारले की तुमचा पंप दिवसाला किती पाणी खेचतो? आमच्यातील काहींना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला. विहीर आमची, वीज आमची, मग हा आमचा खासगी मामला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला तो मान्य नाही. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, पण जांभ्यातून मुरलेले पाणी फार काळ टिकत नाही, आणि जमिनीखालचे पाणी गडगा पाहून थांबत नाही. आपल्याच सभासदांसाठी वही उघडी ठेवायची आणि शेजारच्या वाडीसाठी मिटायची, याला मी मोकळेपणा म्हणणार नाही. पंपाच्या मीटरचे आकडे दर आठवड्याला पाखाडीच्या तोंडाशी फळ्यावर लिहावेत, असा ठराव मी पुढच्या सभेसाठी दिला आहे. त्याला आतापर्यंत अनुमोदन मिळाले आहे ते पाकिटात केवळ फोन नंबर ठेवणाऱ्या आजोबांचे.