जिप्सी दोन इंच उचलायची: गॅरेजमध्ये की घरी?

मारुती जिप्सीला लिफ्ट करायचं, म्हणजे बॉडी दोन इंच उंच करायचं ठरलं तेव्हा किटपेक्षा मजुरीचा आकडाच जास्त खुपला. कमानपाटे माझे, शॉकअप माझे, शॅकल माझे, आणि नुसतं बसवून द्यायचे १५,००० रुपये! दुसऱ्या एका गॅरेजने बरेच कमी सांगितले. पण "यू-बोल्ट टॉर्क रेंच (नेमक्या जोराने आवळायचा पाना) लावून आवळता का?" असं विचारल्यावर तिथला मिस्त्री हसला. म्हणाला, "साहेब, हाताला कळतं." कळत असेलही. त्याने आवळलेल्या नटांवर घाट उतरायची वेळ मात्र माझ्यावर येणार होती.

हे काम घरी करण्याचा विचार तरी करता येतो, तो जिप्सीच्या जुनाट रचनेमुळे. १९८५ साली आलेल्या या गाडीला पुढेही अखंड (दोन्ही चाकं जोडणारा एकच) अ‍ॅक्सल, मागेही अखंड अ‍ॅक्सल, आणि चारही चाकांवर कमानपाटे. पाट्याचं एक टोक चेसिसला पिनेने, दुसरं शॅकलने, म्हणजे झुलत्या कडीने, जोडलेलं, आणि मधे दोन यू-बोल्टनी अ‍ॅक्सल त्याला बांधलेला. असे चार पाटे, म्हणजे आठ यू-बोल्ट. कॉइल स्प्रिंगसारखं दाबून कोंडलेलं काही नाही. वजन नीट पेललं की पाटा हातात सुटा येतो.

स्वस्तातला मार्ग म्हणजे नुसते लांब शॅकल. त्यात गंमत अशी, की शॅकल दोन इंच लांब लावला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. शिवाय पुढचा अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि स्टिअरिंगचं वागणं बदलतं. तो विचार तिथेच सोडला.

मग हायवेवरच्या कमानपाटेवाल्या चाचांकडे गेलो. हे लोक दिवसभर ट्रकचे पाटे उतरवतात आणि चढवतात, त्यांच्यापुढे आपण काय बोलणार! चाचांनी माझ्या पाट्यावरून हात फिरवला. "वाकवून देतो की. पण जुनं लोखंड आहे मालक, परत बसणार. एक पान जास्त घालून दिलं तर बसणार नाही, पण मग पाठीचं बघा." ज्याला पैसे मिळणार होते त्यानेच नको म्हटल्यावर नव्या पाट्यांचा खर्च पटला. शॉकअपही लांब घेतले. जुने तसेच ठेवले असते तर चाक खाली लोंबताना ताण थेट शॉकअपवर आला असता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये असलं काही करायचं म्हटलं की सेक्रेटरी काकांचं बीपी वाढतं. म्हणून गाडी कराडला मामाकडे नेली. तिथे अंगणात पक्का कोबा आहे, आणि या कामात तो हत्यारांइतकाच महत्त्वाचा. मातीवर घोडी (गाडी पेलायचा लोखंडी स्टँड) रुतते, कलते, आणि वर जवळजवळ एक टन गाडी असते. चेसिस घोड्यांवर ठेवायची, अ‍ॅक्सलखाली ट्रॉली जॅक द्यायचा, आणि आत शिरण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी दणकून हलवून बघायचं. मामा तर प्रत्येक वेळी कमरेने ढकलून बघायचा.

माझी जिप्सी आधी बरीच वर्षं कोकणात होती. तिथल्या खाऱ्या हवेचं व्याज मी फेडलं. आधी रोज गंज सोडवायचा स्प्रे मारत होतो, तरी मागच्या यू-बोल्टचे नट हलेनात. ब्रेकर बारला (लांब दांड्याच्या पान्याला) पाइप लावला तेव्हा नटाऐवजी बोल्टच पिळवटायला लागला. शेवटी मामाच्या ग्राइंडरने कापले. त्यात हळहळण्यासारखं काही नव्हतं, कारण यू-बोल्ट एकदा ताणला गेला की परत वापरायचा नसतो, नवे आणलेलेच होते. खरा छळ शॅकलच्या पिनांनी मांडला. बुशचं (पिनेभोवतीच्या नळीचं) रबर पिनेला असं चिकटलेलं, की हातोडा मारला की पिन जरा सरकायची आणि रबर तिला परत ओढून घ्यायचं. एका पिनेने दुपार खाल्ली.

नवा पाटा चढवताना बघण्याची जागा एकच: पाट्याच्या मधल्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलं पाहिजे. यू-बोल्ट सोडले की अ‍ॅक्सल मोकळा होतो आणि डिफच्या (डिफरन्शिअल, म्हणजे त्याच्यावरच्या गिअरच्या गोळ्याच्या) वजनाने फिरतो. म्हणून जॅक डिफखाली घेऊन तो मिलीमीटर-मिलीमीटरने खेळवावा लागतो. मी आडवा पडून बोटाने भोक चाचपतोय आणि मामा जॅकच्या दांड्यावर, "वर... थांब... जरा खाली", असं बराच वेळ चाललं. डोकं बसलं की बारीकसा "टक" येतो. मग चारही नट आलटून पालटून, कोपऱ्यासमोरचा कोपरा धरून, टप्प्याटप्प्याने आवळायचे.

शॅकलच्या आणि पिनांच्या नटांचं उलटं असतं. गाडी हवेत असताना ते नुसते हाताला लागेपर्यंतच लावायचे. चाकं जमिनीवर टेकली, वजन पाट्यांवर आलं, गाडी चार वेळा दाबून सोडली, की मग शेवटचं आवळणं. हवेतच करकचून आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजमध्ये लिफ्टवर गाडी उभी असताना हे कोण पाळतं, याबद्दल मला शंकाच आहे.

खाली उतरवल्यावर स्टिअरिंग तिरकं झालं. ते होणारच, कारण गाडी वर गेली की ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. तिची लांबी थोडी फिरवून ते सरळ केलं. पुढचे ब्रेक होज (ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या) मात्र चाक पूर्ण लोंबवल्यावर ताठ होत होते. तिथे मी हात आखडता घेतला. लांब होज आणि ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं) कराडच्याच एका मेकॅनिककडून करून घेतलं, अलाइनमेंटचे पैसेही दिले. यू-बोल्ट सैल झाला तर आधी कुरकुरतो, ब्रेक तेवढी सवलत देत नाही.

हिशेबाचं सांगायचं तर ट्रॉली जॅक, चार घोड्या, टॉर्क रेंच, ब्रेकर बार या सगळ्यात मजुरीचे पैसे जवळपास संपले. हत्यारं मात्र उरली. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत तपासायचे असतात, तेव्हा मला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. दोन नट थोडे फिरलेही.

लिफ्ट केली की डिफही वर जातो, हा गैरसमज तर मला गॅरेजमध्येच ऐकायला मिळाला. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत पाटे बदलून डिफ जमिनीपासून केसभरही वर जात नाही. बॉडी वर जाते, चाकाला खेळायला जागा मिळते. डिफ वर न्यायचा तर टायरच मोठा हवा.

कायद्याचा विषय मात्र कुठल्याच गॅरेजने आपणहून काढला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परवानगीशिवाय बदल करायला मनाई करतं, आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती मालकासाठी आहे. बसवणारा कुणीही असो, पावती आपल्या नावाची. "काही होत नाही" असं सांगणारा तेव्हा सोबत नसतो, आणि विम्याचा दावा अडकला तरी नसतो.

मित्राने आता त्याची नवी थार माझ्याकडे आणायची म्हणून हट्ट धरलाय. त्याला सरळ नाही म्हटलं. तिच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग दाबून काढावी लागते, आणि स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर निसटला तर ती तोंडावर येते. त्या कामाला गॅरेजच. टॉर्क रेंच हवा तर घेऊन जा म्हटलं.